लुळी कोंबडी आणि पहिले शील



प्रवचनाचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल. आर्यसत्ये आहेत, अष्टांग मार्ग आहे, दहा पारमिता आहेत, आणि ह्या माणसाला सांगायला सापडली ती कोंबडी! परंतु मी जे सांगणार आहे ते आमच्या घरात सात महिने घडले, आणि त्या सात महिन्यांत पहिल्या शीलाचा मला जो अर्थ कळला तो आयुष्यभर ते शील तोंडाने म्हणून कळला नव्हता. म्हणून हसू आले असेल तर हसा, परंतु पान उलटू नका.

आमचे घर शिक्रापूरला. पुण्याहून येताना कोरेगाव भीमा मागे पडले, सणसवाडी मागे पडली की आमचे गाव लागते. नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, हमरस्ता गावातून जातो, आणि चाकणच्या फाट्यावर रात्रंदिवस ट्रकांची रांग असते. आजूबाजूला कारखाने झाले, हजारो पक्ष्यांची कुक्कुटपालने झाली. तरी आमच्या वस्तीत अजून दोन-चार घरी गावरान कोंबड्या दारात फिरतात. आमच्याही फिरतात. पावसाळ्याच्या तोंडी माझ्या नातीने हट्टाने पाच पिल्ले घेतली. त्यातली एक तांबूस रंगाची. तिचे नाव तांबडी.

डिसेंबरच्या मध्यावर तांबडी लंगडू लागली. काटा रुतला असेल म्हणून आम्ही पाय तपासला, काही नव्हते. आठ दिवसांत ती बसली ती उठेना. एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे फाकलेला, डावा पंख जमिनीवर लोळतो आहे. डोळे मात्र टवटवीत, आणि दाणे दिसले की मान पुढे करून धडपडायची. पोटात भूक आहे, चोचीत जोर आहे, पण दोन हातांवरच्या दाण्यापर्यंत शरीर जात नाही, अशी तिची अवस्था.

पशुवैद्यांना दाखवले. ते म्हणाले, मानमोडी वाटत नाही. मानमोडीत मान पिळवटते, हिरवी हगवण लागते, श्वास लागतो. हा बहुधा मॅरेक्स असावा. हा रोग एका विषाणूमुळे होतो. योझेफ मॅरेक नावाच्या हंगेरियन पशुवैद्याने 1907 साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव पडले. पिसांच्या मुळाशी विषाणू वाढतो, पिसांच्या कोंड्याबरोबर धुळीत मिसळतो, आणि श्वासावाटे दुसऱ्या पक्ष्यात जातो. नसा सुजतात, पाय आणि पंख लुळे पडतात, कधी पोटात गाठी होतात. त्यावर औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून बाहेर आल्याबरोबर टोचावी लागते. मोठ्या उबवणी केंद्रात टोचतात, दारोदार विकल्या जाणाऱ्या पिल्लांना कोण टोचतो? माणसाला हा रोग होत नाही. एखाद्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही पाय जातात, म्हणून त्यांनी पाण्यातून देण्यासाठी थेंब दिले. थेंब देऊन पाहिले. उतार पडला नाही.

इथपर्यंत ही एका पक्ष्याच्या आजाराची हकीगत झाली. धम्माची गोष्ट यापुढे सुरू होते.

1 जानेवारी जवळ आली. त्या दिवशी आमच्या गावचा रस्ता कसा असतो ते तुमच्यापैकी ज्यांनी विजयस्तंभाला मानवंदना दिली आहे त्यांना ठाऊक आहे. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब स्वतः त्या स्तंभाजवळ आले होते. तेव्हापासून ही वाट आपली झाली. आमच्याही घरी पाहुण्यांचा राबता असतो. त्या वर्षी दौंड तालुक्यातून माझी थोरली बहीण आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिच्याबरोबर तिचा चार वर्षांचा नातू होता. पोराच्या अंगात आठ दिवसांपासून ताप होता, उतरत होता आणि पुन्हा चढत होता.

दिवसभर पोराला कडेवर घेऊन आक्काने स्तंभाला वंदन केले. रात्री जेवणे झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आरं, तिकडं देवऋषानं सांगितलंय, पोरावरून कोंबडं उतरून शिवंवर सोडा म्हणून. तुझी ती लुळी कोंबडी हाय नव्हं? ती का आता अंडी घालणार हाय? मरायचीच हाय. निदान पोराच्या कामी तरी ईल."

वाचकहो, आक्काच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे. 1956 च्या अशोक विजयादशमीला, 14 ऑक्टोबरला, नागपूरला जे घडले त्यानंतर आमच्या वडिलांनी घरातले देव्हारे नदीत सोडले. आक्काने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यापूर्वीचेही तिने पाहिले होते. मरीआईचा गाडा, पोतराजाचा कोरडा, पटकी आली की शिवेवर पडणारी कोंबड्यांची मुंडकी, हे सारे तिच्या लहानपणी होते. त्या काळी माणूस आजारी पडला की कोंबडी मरत असे, आणि बहुतेक वेळा कोंबडीमागून माणूसही मरत असे, कारण औषधाचे पैसे कोंबडीत आणि दारूत गेलेले असत. ते सारे टाकून पासष्टाहून अधिक वर्षे झाली. आणि पोराच्या तापाने ते एका रात्रीत परत आले.

आक्काला मी दोष देत नाही. खरे सांगायचे तर त्या रात्री मीही लगेच नाही म्हणालो नाही. का? मला कोंबडीचा कंटाळा आला होता. रोज तीन वेळा भरवायचे, घाण काढायची, कूस बदलायची. पाहुण्यांनी घर भरलेले. कोणीतरी ही जबाबदारी माझ्या हातून सोडवतो आहे, आणि वर त्याला पोराच्या प्राणाचे कारण आहे, असे मला क्षणभर वाटले. अंधश्रद्धा दरवेळी अज्ञानातूनच येते असे आपण समजतो. कधी कधी ती सोयीतूनही येते. माझ्या मनात ती सोयीतून आली होती.

नात कोपऱ्यात तांबडीला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजत होती. तिने सगळे ऐकले होते. ती म्हणाली, "आबा, कोंबडी मेल्यावर त्याचा ताप कुठून उतरेल?" नऊ वर्षांची पोर. जो प्रश्न मी आक्काला विचारायला हवा होता तो तिने मला विचारला.

पहाटेच मी, आक्का आणि पोराची आई पोराला घेऊन दवाखान्यात गेलो. रक्त तपासले. विषमज्वर निघाला. औषध सुरू झाले, आणि काही दिवसांत पोराला घाम येऊन ताप उतरला. परंतु ह्यातून आक्काचे मन पूर्ण पालटले असे मी लिहिणार नाही. ती जाताना म्हणाली, "दवा बी केली असती आन् उतारा बी केला असता तर काय बिघडलं असतं?"

काय बिघडले असते? ह्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडूनही मागावे असा माझा हेतू आहे, कारण असे 'दोन्ही' करणारे आपल्यात थोडे नाहीत. दीघनिकायात कूटदन्त नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. त्याने यज्ञासाठी बैल, गोऱ्हे, कालवडी, बोकड, मेंढे असे सातशे-सातशे पशू खांबांना बांधले होते. यज्ञ अधिक फलदायी कसा करावा हे विचारायला तो तथागतांकडे गेला. तथागतांनी त्याला अशा यज्ञाची हकीगत सांगितली की ज्यात एकही पशू मारला गेला नाही, एकही झाड तोडले गेले नाही आणि एकाही नोकराला धाकाने राबवले गेले नाही. त्याहून मोठा यज्ञ दानाचा, त्याहून मोठा शरण जाण्याचा, त्याहून मोठा शीलपालनाचा, अशी पायरी त्यांनी चढवत नेली. ऐकून कूटदन्ताने बांधलेले सगळे पशू सोडून दिले. निम्मे सोडून निम्मे ठेवले नाहीत. दोन्ही केले तर काय बिघडते, असे तो म्हणाला नाही. बिघडते ते हे: पोर बरे झाल्यावर श्रेय डॉक्टरला जात नाही, शिवेवरच्या दगडाला जाते, आणि पुढच्या वेळी दवाखान्याच्या आधी पाय शिवेकडे वळतात. आमच्या पूर्वजांची कितीएक लेकरे ह्याच वाटेत गेली.

आता दुसरा आक्षेप. तो आपल्याच लोकांचा आहे, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. वस्तीतला एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, "आबा, मुंग्यांना साखर घालणाऱ्यांनी आपल्याला पाणी दिले नाही. महाडच्या तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना बंदी होती. ही प्राणिदया आपल्याला नको. आधी माणसाचे बघा."

तो खरे बोलला. ज्या दयेने कुत्र्याला जवळ केले आणि माणसाला विटाळ मानला ती दया नव्हे. ती ढोंग होती, आणि 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांनी ते ढोंग उघडे केले. परंतु त्याच बाबासाहेबांनी नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आपल्याकडून घेतली. त्यांना महाड ठाऊक नव्हते काय? दुसऱ्याने दयेचे ढोंग केले म्हणून आपण दयाच टाकून द्यावी असे त्यांना वाटले नाही.

मी शाकाहारी नाही, हेही इथे सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणी माझ्या ताटाकडे बोट दाखवील. आपल्या घरांतून मांसाहार आहे, आणि खाण्यावरून माणसाची पायरी ठरवण्याच्या पद्धतीने आपले फार नुकसान केले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ 1957 साली बाबासाहेबांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी अहिंसेचा विचार मांडताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. बुद्धाची अहिंसा हा आंधळा नियम नसून तत्त्व आहे, आणि त्या तत्त्वाचा पाया मैत्री आहे, असे त्यांचे म्हणणे. ह्या फुटपट्टीने आक्काची मागणी मोजून पाहा. शिवेवर कोंबडी मारण्याची गरज कोणाला होती? पोराला नव्हती. फक्त भीतीला होती. आणि माझ्या कंटाळ्याला होती.

सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात प्रांजळपणे कबूल केले आहे की, पूर्वी त्याच्या पाकशाळेत रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण एवढेच मारले जातात, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. एवढा मोठा सम्राट, पण काल जसा होतो तसा आज नाही एवढेच तो सांगतो. मी पूर्ण शुद्ध झालो असे सांगत नाही. दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याची नोंद आहे. ज्या औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या. आणि राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात चक्क कोंबड्याचा उल्लेख आहे: कोंबड्यांना खच्ची करू नये अशी आज्ञा. कोंबडी हा प्रवचनाचा विषय नव्हे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु मला सात महिने ज्या कथेने धरून ठेवले ती विनयपिटकाच्या महावग्गातली आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आनंदाबरोबर फिरत असता तथागत तिथे आले. त्यांनी विचारले, तुझी देखभाल करणारे कोणी नाही काय? तो म्हणाला, नाही. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी देखभाल करीत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. नंतर संघाला गोळा करून त्यांनी सांगितले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

'मी कोणाच्या उपयोगी पडत नाही.' हे वाक्य मी अनेकदा वाचले होते. तांबडी आजारी पडल्यावर ते मला ऐकू आले. ती अंडी घालणार नाही, तिचे मांस कोणी खाणार नाही, ती बाजारात जाणार नाही. मग तिच्यावर मूठभर बाजरी का घालवायची? हाच प्रश्न घराघरांतून म्हाताऱ्या आईबद्दल मुक्याने विचारला जातो, अर्धांग झालेल्या बापाबद्दल विचारला जातो. गावगाड्याने आपल्याबद्दल तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला: मेलेले ढोर ओढतोस तोवर तुला शिळा तुकडा. उपयोगावरून जिवाची किंमत करण्याचा तो हिशेब आपल्यावर चालवला गेला, आणि आपल्या हाती दुबळा जीव आला की आपणही तीच वही उघडतो.

त्याच महावग्गात रुग्णसेवकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे. काय पथ्य आणि काय कुपथ्य ते कळावे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना किळस नसावी. आणि धम्माच्या बोलण्याने आजाऱ्याला धीर देता यावा. शेवटचा गुण सोडला तर बाकीचे चारही कोंबडीपाशी कसाला लागतात. रुग्ण कसा असला तर सेवा अवघड होते तेही तिथे सांगितले आहे. आपले दुखणे जसे आहे तसे जो सांगत नाही त्याची सेवा अवघड. कोंबडी तर काहीच सांगत नाही. वर, दुखणे लपवणे हा पक्ष्याचा स्वभाव असतो. कळपात दुबळा दिसला की इतर कोंबड्या त्याला टोचतात. म्हणून तिच्या न सांगण्यातून ओळखायला शिकावे लागते.

आम्ही काय केले ते सांगतो. तुमच्या घरी असा प्रसंग आला तर उपयोग होईल. तिला इतर कोंबड्यांपासून वेगळी, पण त्या दिसतील अशा जागी ठेवली. एकटी ठेवली की ती खाणे सोडायची. खाली गोणपाट, त्यावर जुन्या लुगड्याच्या घड्या, रोज बदलायच्या. सतत छातीवर बसून छातीच्या हाडावर जखम होऊ लागली, तेव्हा नातीने आणि तिच्या आजीने तिवई उलटी करून तिच्या पायांना कापडाची झोळी बांधली, पाय खाली लोंबण्यासाठी तिला दोन भोके ठेवली. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास तांबडी त्या झोळीत बसे आणि पुढ्यातल्या वाटीतले भिजवलेल्या ज्वारीचे दाणे खाई. पाणी चोचीच्या कडेने थेंब थेंब द्यायचे. घाईने घशात ओतले तर ते श्वासनळीत जाते. शेपटाखालची पिसे कातरून तो भाग रोज कोमट पाण्याने धुवायचा आणि कोरडा करायचा. हे काम चुकवू नका. पावसाळ्यात ओल्या घाणीवर माशी बसून अळ्या पडतात आणि जिवंत पक्षी आतून खाल्ला जातो. सकाळचे कोवळे ऊन द्यायचे. हात साबणाने धुवायचे. आणि एक सावधगिरी सांगतो: एकाच वेळी अनेक कोंबड्या पटापट मरू लागल्या तर मात्र ही घरगुती सेवा चालणार नाही. तिथे हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला कळवायचे. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तो विसरू नका.

ह्या कामात माझा वाटा लहान होता. नात शाळेत गेली की दुपारचे भरवणे आणि धुणे माझ्याकडे. पहिला महिना मी नाक मुरडून केले. घाण काढताना मैत्री वगैरे मनात काही नसे; आवरायचे कधी, एवढेच असे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केव्हा तरी माझ्या ध्यानात आले की दुपारी मी चपला काढायच्या आधी तिच्या कोपऱ्याकडे पाहतो. पंचशील म्हणताना आपण ते केवळ टाळण्याचे व्रत मानतो: मारणार नाही, झाले. हाताला काम लागल्यावर त्याची दुसरी बाजू कळते. न मारणे एका क्षणात होते. जगवायला रोज सकाळी उठावे लागते.

मुक्ती देऊन टाका, असेही अनेकांनी सांगितले, आणि ते वाईट हेतूने सांगितले नव्हते. विनयात एक प्रसंग आहे: भिक्खूंनी आजारी भिक्खूपुढे करुणेपोटी मरणाची स्तुती केली आणि तो मेला, तेव्हा तथागतांनी करुणा हे कारण मान्य केले नाही, तो दोष पाराजिक ठरला. तो नियम भिक्खूंसाठी, तोही माणसाच्या जिवाबाबत. कोंबडीला तो जसाच्या तसा लावावा असा माझा आग्रह नाही. पशुवैद्यांनी मला सांगून ठेवले होते की ती खाईनाशी झाली, कण्हू लागली, तर सुईने शांतपणे शेवट करता येतो, आणि मी त्यांना नाही म्हणालो नव्हतो. पण त्या कथेमुळे मी दर वेळी स्वतःला विचारू लागलो: हे तिचे दुःख आहे की माझा कंटाळा? जोवर ती दाणे बघून मान पुढे करते, उन्हात पिसे फुलवते, नातीचा आवाज आला की कुकुक करते, तोवर हे दुःख तिचे नाही, माझे आहे, असे उत्तर येई. तुमच्या घरातल्या कोणत्याही आजाऱ्यापाशी हा प्रश्न विचारून पाहा. उत्तर दरवेळी आवडेलच असे नाही.

आषाढ लागल्यावर ती खंगली. छातीचे हाड हाताला धारेसारखे लागू लागले. गळ्याखालची दाण्याची पिशवी संध्याकाळी भरलेली असे ती सकाळीही तशीच. मग तिने चोच मिटली. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांना बोलवायचे आम्ही ठरवले. नातीलाही तसे सांगितले आणि ती रडून कबूल झाली. रात्री ती तांबडीजवळच गोधडी घेऊन निजली. पहाटे आम्ही उठलो तेव्हा तांबडी गेलेली होती. घरामागे हातभर खोल खड्डा घेऊन, चुना टाकून तिला पुरले. नातीने पुरताना त्रिसरण म्हटले. म्हणावे की म्हणू नये असे मला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तर मी काय सांगितले असते मला माहीत नाही.

चार दिवसांनी आषाढी पौर्णिमा होती. वर्षावासाच्या आरंभाला आक्का दौंडहून आली, बरोबर तो नातूही, चांगला धावणारा. तिला काही कळवलेले नव्हते. पदराची गाठ सोडून तिने बाजरी काढली आणि नातीपुढे धरली. म्हणाली, "घरची हाय, निवडून आणलीया. तुझ्या लुळीला घाल." नात काही बोलली नाही. तिने ती बाजरी ओंजळीत घेतली आणि दारातल्या चार कोंबड्यांना टाकली.